चढावरचं ‘हं’

१२ मार्च, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार, वि. वि. विनंती खरोखरच आहे, पण ती शेवटी. आधी घरची हालहवाल.

तुमच्या कुंड्या जिवंत आहेत. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका जिन्यात भेटल्या की तुमची चौकशी करतात, तीही दोन शब्दांत. नातवाचा फोटो दादाने फ्रिजवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नाक आपल्यावर गेलंय म्हणून सांगत सुटलाय. नाक कोणावर गेलंय ते तुम्हाला-मला माहीत आहे. बिचाऱ्याला सांगू नका.

काल फोनवर मी म्हणाले, दादा सायकलवरून पडला, थोडं खरचटलं. ते तेवढंच नाही. घाबरू नका, तो आत्ता समोर पेपर तोंडावर घेऊन झोपलाय आणि त्याच्या छातीतली टिकटिक मला इथपर्यंत ऐकू येतेय. हृदयातली नवी झडप ठणठणीत आहे. डोक्याचा स्कॅनही चांगला आला. पण रक्त पातळ ठेवायच्या गोळीमुळे कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं काळंनिळं झालंय, आणि आज सकाळपर्यंत त्याला इस्पितळात ठेवून घेतलं होतं. तुमचा फोन आला तेव्हा मी तिथल्याच जिन्यात होते. आवाज का घुमतोय असं तुम्ही विचारलंत, तर बाथरूम धुतेय म्हणून ठोकून दिलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर मी रडले असते, तुम्ही मलाच समजावत बसला असता, आणि सांगायचं ते राहून गेलं असतं.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना तुम्ही काय बजावलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. पुलापर्यंतच. तो पुढे, मी मागे. आणि फिजिओथेरपिस्टने घालून दिलेला नियम: सायकल चालवताना त्याने बोलत राहायचं, वाक्य तुटायला लागलं की उतरायचं. नियम चांगलाच आहे, पण त्या बाईंना आमचं घर माहीत नव्हतं. आमच्याकडे लहानपणापासून मी बोलते आणि दादा ‘हं’ म्हणतो. तुम्ही मला टकळी म्हणता ते उगाच नाही. पहिल्या आठवड्यात त्याने इमानेइतबारे बडबड केली, दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचल्या. मग मी ऑफिसातल्या नव्या साहेबांची कहाणी सुरू केली आणि त्याच्या पाट्या बंद पडल्या. त्याचं एकेक ‘हं’ मी पूर्ण वाक्य म्हणून धरत गेले.

परवा पुलापाशी तो सायकल वळवायला लागला. मी म्हणाले, “चल रे, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊ. कंटाळा आला या सपाटीचा.”

वहिनी, हे मी म्हणाले. तो नाही.

चढ लागला आणि मी पुढे गेले. लहानपणी कुठल्याही चढावर तोच पुढे असायचा, मी त्याची पाठ बघत वर यायचे. परवा पहिल्यांदा मी पुढे होते आणि मला त्याची मजा वाटत होती. दुखण्यातून उठलेल्या भावाला मागे टाकण्याची मजा. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी साहेबांची गोष्ट सांगत होते, मागून ‘हं’ येत होतं. मग ते आखूड झालं. मग आलंच नाही. ते मला कळलं होतं. वळणापर्यंत तरी जाऊ, मग बघू, असं म्हणून मी तशीच पायडल मारत राहिले, आणि मागे सायकल आपटल्याचा आवाज आला.

मी धावत खाली गेले तर तो कठड्याला टेकून बसला होता, ओठ पांढरे पडलेले. तुम्ही आणलेल्या हेल्मेटमुळे डोकं वाचलं. दम परत आल्यावर पहिलं काय बोलला माहीत आहे? “तुझ्या साहेबांचं पुढे काय झालं?”

तेव्हापासून तो डॉक्टरांना, शेजाऱ्यांना सांगतोय की मलाच चेव चढला, ही बिचारी नको नको म्हणत होती. तुम्हालाही तेच सांगणार आहे. मला म्हणाला, “तुझ्यावर तिचा विश्वास आहे, तो राहू दे.” लपायला आयती जागा मिळाली, आणि मी लपलेही.

पण आज घरी आल्या आल्या तो लंगडत आत गेला आणि सायकलच्या कुलपाची किल्ली तुमच्या कपाटात ठेवून आला. ती आल्यावर काय ते ठरवेल, एवढंच म्हणाला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सायकलवर बसला तेव्हा तो शीळ घालत घरी आला होता, आणि तुम्ही दारातच डोळे पुसले होते. ते मी पाहिलंय.

आता विनंती. दादाची सायकल बंद करू नका. जखम भरली की पुलापर्यंत जायला डॉक्टरांची हरकत नाही. बंद करायचं तर मला करा. त्याच्यामागे वरच्या शिक्षिकांना जाऊ द्या, त्यांना सायकल येते आणि त्या कमी बोलतात. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण ती किल्ली त्याच्या हातात परत द्या.

तो कूस बदलतोय. उठला की विचारेल, कोणाला एवढं लिहितेस, काही भलतंसलतं नाही ना कळवलंस तिला? मी नुसतं ‘हं’ म्हणेन.

तुमच्या शब्दाला न जागलेली,
टकळी