मावशी येणार

शनि., ४ नोव्हें. २०१७
आधी हे लिहिते, कुकर मागाहून. रिकार्टनला इंडियन दुकानात गेलो होतो. ईशा जँडल्स, म्हणजे इथल्या सपाता, फटफटवत चॉकलेटांपाशी रेंगाळली, तर हे ओरडले, "फॉऽलिन!" नात आहे, पलटण नव्हे. पण ह्यांची ती सैनिकी शाळा अंगातून जात नाही. नवी नवरी असताना मलाही देवळाच्या रांगेत असंच ओरडले होते. जाऊ दे ते. तर लोणच्यांच्या फळीपाशी एक वाळके गृहस्थ होते. ते ऐकल्याबरोबर टाचा जुळवून ताठ! हातात कैरीची बरणी तशीच.
"कोण रे तो? नळ?"
हे म्हणाले, "बोंबील??"
मग मिठ्या काय, पाठीवर धपाटे काय! एका वर्गातले दोघे, पन्नास वर्षांनी. गल्ल्यावरची मुलगी बघतच राहिली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.
ह्यांना इतकं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. इथे परदेशात, हॉर्नबीत लेकाकडे येऊन वर्ष झालं, कायम आपले गप्प. "कुणाशी बोलू इथे? कुंपणाशी?" म्हणतात. जानेवारीत कराडला कायमचं परत जायचं, तिकिटं काढ, म्हणून लेकाच्या, मिलिंदच्या मागे लागलेत. तो कामाच्या नावाने टाळतोय. ह्यांनी जायचं म्हटलं की मीही जाणार, ते ठरलेलंच. ईशाला सोडून. ते आज लिहीत नाही.

बुध., ८ नोव्हें.
बोंबीलभावजी चहाला आले. खरं आडनाव निकम, रिकार्टनलाच लेकीकडे असतात. मी विचारलं, "ह्यांना नळ का म्हणता हो?" तर हेच घाईने म्हणाले, "पाण्याच्या नळावर पहिला नंबर असायचा माझा." भावजींना चहाचा ठसका लागला. काहीतरी आहे.
मग भावजींनी कुठेतरी फोन लावला आणि ओरडलेच, "नळ्या, मावशी ओटाहुहूला आहे! मुलीकडे!" ह्यांचे डोळे एवढाले झाले. ओटाहुहू म्हणजे ऑकलंडच्या बाजूला, विमानाने यावं लागतं. फोन ठेवला नि भावजी म्हणाले, "मावशी येणार! पुढच्या शनिवारी!"
दोघे म्हातारे नाचायचे बाकी राहिले.

गुरु., ९ नोव्हें.
मावशी म्हणजे मेसमधल्या असणार, पोरांना जेवू घालणाऱ्या. ह्यांना विचारलं, "फार जीव लावायच्या का हो?" म्हणाले, "आईपेक्षा." आणि उठून बाहेर गेले. संसारात एवढं मनातलं प्रथमच बोलले.
"जेवायला काय करू?"
"मावशीला काहीही चालतं."
असं कसं चालेल? ऐंशीच्या पुढच्या असतील, दातांचं काय? गुरगुट्या भात नि मेतकूट करायचं ठरवलंय. मिलिंदला सांगितलं, विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेव. सून म्हणाली, "आई, त्यांना खालची खोली देऊ." गुणाची आहे अश्विनी.

शुक्र., १७ नोव्हें.
ओटीची तयारी झाली. हिरवा खण ट्रंकेत होता. तांदूळ आहेत. नारळ मात्र बोडका, शेंडीवाला मिळाला नाही. देवी समजून घेईल. कुंकवाचा विचार करत बसले. मावशींचे मालक आहेत की नाहीत, कुणाला विचारू? मग ठरवलं, असोत नसोत, मी लावणारच. पोरं सांभाळली त्या बाईने, आणखी काय पाहिजे. ईशा म्हणाली, "आजी, यू आर हीप्स एक्सायटेड." आहेच मुळी.

शनि., १८ नोव्हें.
हसून हसून बरगड्या दुखतायत.
विमानातून सगळे बाहेर आले. मिलिंद चाकाची खुर्ची धरून उभा. मी म्हातारी बाई शोधतेय. समोरून सहा फुटी गडी आला, पांढऱ्या झुपकेदार मिशा, डोक्यावर हॅट. हे धावले, गळ्यातच पडले. मी आपली त्यांच्या मागे बघतेय. शेवटी त्यांनाच विचारलं, "अहो, मावशी कुठायत?"
"मीच की वहिनी!"
बोंबीलभावजी हसता हसता त्या खुर्चीतच बसले. ईशा किंचाळली, "आजी, युअर मावशी हॅज अ मुस्टॅश!"
माझं तरी काय चुकलं? दोघांनी आठवडाभर 'मावशी आहे', 'मावशी येणार', 'मावशीला चालतं' हेच चालवलं होतं. 'येणार'ला बाई काय नि बुवा काय! एकदा तरी 'येतोय' म्हणाले असते तर.
घरी ओटीचं ताट पाटाशेजारी मांडलेलंच होतं. मी झाकायला धावले तर त्यांनी पाहिलं. कशासाठी ते कळल्यावर हसतील वाटलं. हसले नाहीत. पाटावर बसले, खांद्यावरचा टॉवेल पसरला नि म्हणाले, "भरा वहिनी. इतकी वर्षं मावशी आहे, ओटी कुणी भरली नाही."
भरली. कुंकू लावलं. मिशांवर सांडलं थोडं. मग गुरगुट्या भात तीन वेळा मागून घेतला.

रवि., १९ नोव्हें.
आज कळलं सगळं. तिघे अंगणात खुर्च्या टाकून बसले होते, मी मटार सोलत. वारा असा की सालं कुंपणापलीकडे. शेजारचा गोरा म्हणतो, "स्वीट ॲज!" म्हणजे चालतंय. बरा माणूस आहे.
मावशी म्हणजे पवारभावजी. हॉस्टेलात नवी पोरं घरच्या आठवणीने रडायची, हा तेवढाच अकरा वर्षांचा, पण सगळ्यांची पांघरुणं नीट करायचा, नाकं पुसायचा. म्हणून मावशी. आणि सगळ्यात जास्त कोण रडायचं? आमचे हे! म्हणून नळ!
"वहिनी, पहिल्या टर्मला ह्याची ट्रंक रोज भरलेली. रोज म्हणायचा, घरी जातो. मी म्हणायचो, जा, पण उद्याची हॉकी खेळून जा."
"आणि मग?" मी विचारलं.
"सहा वर्षं हॉकी खेळला!"
हे मान खाली घालून हसत होते. तेवढ्यात पवारभावजी म्हणाले, "नळ्या, निकम सांगत होता, जानेवारीत निघालास म्हणे. इथे किती टर्म झाल्या तुझ्या?"
मी मटारातून मान वर काढली नाही.
"मला ऑकलंडला दोन वर्षं लागली," ते म्हणाले. "मी पण रडलो. पण मावशीचं पांघरूण कोण नीट करणार?"
ह्यांनी उठून त्यांची हॅट सरळ केली. बस. तेवढंच.

मंगळ., २१ नोव्हें.
पवारभावजी गेले. घर रिकामं झालं म्हणावं, तर रोज फोन. दोन्हीकडून ओरडणं. बहिरे झालेत की आनंद झालाय, कळत नाही. काल ईशाला विचारत होते हॉकीचं. तिची शाळा खेळते म्हणे. ती इंग्रजीत, हे मराठीत, चाललंय.

रवि., २६ नोव्हें.
जेवताना मिलिंदने विषय काढलाच. "बाबा, तिकिटांचं काय करू? जानेवारी जवळ आला."
मी आमटी वाढत होते. पळी हवेतच.
हे भात कालवत म्हणाले, "बघू."
मिलिंदला वाटलं, विचार करतायत. त्याला काय माहीत! शिवणयंत्र मागितलं, बघू. माहेरी चार दिवस जास्त राहू का, बघू. काशीला जाऊ, बघू. ह्या माणसाचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आजवर ह्या बघूने रडवलं मला.
आता हे बघूही त्यातलंच का, म्हणजे जाणं नाही? की म्हातारपणी खरंच बघणार आहेत? विचारलं नाही. विचारलं तर उत्तर देतील.
आणखी एक पळी आमटी वाढली. नको म्हणाले नाहीत.