रुमालावरची लिपस्टिक

राणीसरकार,

तू तिकडे महिनाभराच्या ट्रेनिंगला गेलीस आणि इकडे शोला तासभर उरला असताना लेक माझ्या लाइटच्या केबिनमध्ये आली. अंगात नाचाचा पांढरा पोशाख, तोंड रडवेलं. "बाबा, पाळी आलीय. पहिलीच. मी नाचणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. दुकानात पळालो. पॅडचे पाच प्रकार पाहून काही सुचेना, म्हणून पाचही घेऊन आलो. मेकअपवाल्या ताईंनी तिला सगळं नीट समजावलं, आतून घालायला काळी चड्डी दिली. तरी ही हटून बसलेली. "डाग पडला तर?"

शेवटी मी पडलो लाइटवाला. तिला स्टेजवर नेलं, माझ्या पांढऱ्या रुमालावर ताईंची लाल लिपस्टिक फासली आणि लाल लाइट लावला. डाग गायब. "नाच संपेपर्यंत हाच ठेवतो," म्हटलं.

मग काय नाचली म्हणून सांगू. डाग वगैरे काही पडला नाही. नाच बसवणाऱ्या बाई मात्र भडकल्या. चांदण्यातला नाच मी भट्टीत घातला म्हणे.

दुसऱ्या दिवशीच्या शोला तिनं पॅड स्वतःच बॅगेत टाकलं आणि केबिनमध्ये डोकावून म्हणाली, "बाबा, आज चांदणंच ठेव."

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, कारण "तू आल्यावर मीच सांगणार" असं तिनं मला बजावलंय. तो रुमाल तीनदा धुतला, पण लिपस्टिक निघत नाही. ती सांगेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेव.

तुझाच, आणि फक्त तुझाच,
लाइटवाला