प्लॅटिनमची तार

प्रिय काजळे,

लेकीची आई झालीस, शाळेत बाई झालीस, तरी मी तुला याच नावाने हाक मारणार. नाकाला कार्बनची भुकटी लावून लॅबभर हिंडायचीस आणि कुणी सांगितलं तर पुसताना ती गालभर करायचीस. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. रागाव, पण पुढचं वाच.

आपली दोन टेबलं अजून तशीच लागून आहेत, खिडकीची कडी अजून दोऱ्याने बांधलेली. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलचा उत्प्रेरक करायला त्या काळ्या भुकटीवर आपण प्लॅटिनमचे कण बसवायचो, तू तुझ्या पद्धतीने, मी माझ्या. मग नमुना ॲसिडमध्ये बुडवून व्होल्टेज तीस हजार वेळा वर-खाली करायचं आणि शेवटी किती प्लॅटिनम कामाचं उरलं ते बघायचं. तुझ्या नमुन्याने तिसरा हिस्सा गमावला, माझ्याने जेमतेम दहावा. सर खूश झाले. लॅबमध्ये कायमची जागा एकच होती, ती मला मिळाली. तू मला मिठी मारलीस, कपाट आवरलंस आणि गेलीस. मी इतकी हवेत होते की तुझा चेहरासुद्धा नीट पाहिला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या त्याच पद्धतीने नवा नमुना करून पुन्हा तपासला. निम्मं प्लॅटिनम गेलं! यंत्राला शिव्या घातल्या, वायरी बदलल्या, पुन्हा लावलं. पुन्हा निम्मं. मग जुनी वही काढली आणि माझ्याच अक्षरात वाचलं, ‘कांडी काजळीकडे, तार वापरली.’

आठवलं ना? नमुन्यासमोरच्या इलेक्ट्रोडसाठी तेव्हा लॅबमध्ये कार्बनची कांडी एकच होती, ती तुझ्या यंत्राला; आता प्रत्येक यंत्राला आहे. चार दिवस थांब, माझं झालं की घे, असं तू म्हणालीस. मला दम निघेना. मी कपाटातली प्लॅटिनमची तार जोडली. तार झिजेल गं, असं तू दोनदा बजावलंस आणि मी हसण्यावारी नेलं. ती खरंच झिजत होती, आणि तिचं प्लॅटिनम ॲसिडमधून येऊन माझ्या नमुन्यावर बसत होतं. माझं जे जात होतं ते मागच्या दाराने भरून निघत होतं. माझा नमुना टिकाऊ नव्हताच. तुझा होता.

मी मुद्दाम केलं नाही गं. पण तुझं ऐकलं नाही, याची फार लाज वाटते. सर म्हणाले, जुनं झालं, कशाला उकरतेस. तरी गेल्या आठवड्यात, तेव्हा माझा निकाल छापणाऱ्या नियतकालिकाला वहीचं पान पाठवलं आणि माझा लेख मागे घेतला. माझ्या जागेचं काय व्हायचं ते होवो.

खरं सांगते, तेवढं करून मी गप्प बसले असते. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. पण परवा मन घट्ट करून तुझ्या घरी फोन लावला, तो तुझ्या लेकीने उचलला. तू बाहेर गेली होतीस. मी आईची लॅबमधली मैत्रीण, असं सांगितलं, तर ती अगदी सहज म्हणाली, आई आधी तिथे होती, पण तिला ते जमलं नाही. फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. नऊ वर्षं तू हेच खरं मानलंस, पोरीलाही तेच सांगितलंस. आज तिला जवळ घे आणि सांग, आईला जमलं होतं. चुकलं ते मावशीचं.

तुझीच,
घाईबाई