दुसरी रिंग

प्रिय टकळे,

अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला एवढंच जमतं.

तुला नोकरी लागली तेव्हा मी फोन केला की तू म्हणायचीस, आजी, कॉलवर आहे. मी विचारलं, मग मी केला तो काय? तेव्हा तू शिकवलंस: फोन लावला तरी कॉल, ऑफिसातले चौघं फोनवरच बैठक घेतात तोही कॉल, डॉक्टरला तातडीनं बोलावलं तरी कॉल, अन् काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, तो त्याचा कॉल. मी म्हटलं, एका शब्दाला सुनेसारखं राबवतात मेले. किती हसलीस.

आपला कॉल मात्र साधा. संध्याकाळी सातला एक रिंग, कापायची, दहा आकडे मोजून दुसरी. पहिलीनं माझ्या बहिऱ्या कानाला जाग येते, दुसरीनं कळतं की पोर सुखरूप घरी पोचली. तीन वर्षांत कधी चुकली नाहीस, तापातसुद्धा.

नऊ दिवस झाले, रिंग एकच येते. बरोब्बर सातला. दुसरीची वाट बघत मी फोन मांडीवर घेऊन बसते. उलट फोन केला की नातजावई उचलतो. गोड बोलतो. ती कॉलवर आहे, म्हणतो. सकाळी कॉलवर, दुपारी कॉलवर, रविवारीही कॉलवर. शेवटी तुझ्या ऑफिसात विचारलं. तिथली बाई म्हणाली, त्या नऊ दिवस आल्याच नाहीत, आजारी आहेत असं त्यांच्या मिस्टरांनी कळवलंय. मग पोरी, तू आहेस तरी कुणाच्या कॉलवर?

आज तुमच्या इमारतीखालच्या लॉंड्रीत येऊन बसले. लॉंड्रीवाली म्हणाली, तुझे कपडे येतात, पण आणतो तोच. बाहेर जाताना दाराला कुलूप घालून जातो. पोलीस चौकीवर गेले, तर म्हणाले, तिनं स्वतः काहीतरी कळवायला हवं.

म्हणून हे पत्र. तुझ्या निळ्या कुर्त्याच्या बाहीत घालून वरून इस्त्री मारली आहे. उद्या सकाळी तो कपडे न्यायला येईल. बायकोच्या कपड्यांची घडी काही तो मोडायचा नाही. वाचलंस की फाडून मोरीत सोड आणि तोच कुर्ता उलटा करून खिडकीत टांग. समोर मी, तुझा मामा आणि चौकीवरची बाई उभे असू. कुर्ता दिसला नाही, तरी संध्याकाळी सातच्या आत मी वर येणार आहे. दारावर एक थाप मारीन, दहा आकडे मोजीन, मग दुसरी. तू मोजत राहा.

तुझीच, एका कानानं बहिरी,
आजी