समोरच्या बुवाचं उत्तर

लालबाग

प्रिय गुणाजी,

पाकीट बघून मालन वहिनी म्हणतील, ह्या मेल्याला आता कागद सुचला. म्हणू देत. फोनवर बोटं चालवायची हिंमतच राहिली नाही रे माझी. तुझ्या चाळीत दोनदा आलो होतो, जिन्यावरून परत फिरलो.

चाळीस वर्षं आपण डबलबारीच्या भजनी सामन्यात समोरासमोर पेटी घेऊन बसलो, तुझी भजनी मंडळी तुझ्या मागे, माझी माझ्या मागे. तुझ्या टकलावर मी टोमण्यांचे गजर रचले, माझ्या वाकड्या दातांवर तू. एकदा परळला तू माझी अशी पिसं काढलीस की माझीच बायको पहिल्या रांगेत पोट धरून हसत होती! पण बारी संपली की एकमेकांच्या पाया पडायचं आणि एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचा. त्याशिवाय आपण कधी घरी गेलोय का? तिथेच सगळं मिटायचं.

माघी गणपतीच्या बारीचा व्हिडिओ आमच्या मंडळीतल्या निलेशने नेटवर टाकला. वरच्या सुरात तुझा आवाज फाटला होता. मला वाटलं, सर्दी असेल. सवयीने खाली लिहिलं, बुवा, हा आवाज की गंजलेली कडी? आता पेटी बंद करा नि नातवंडं सांभाळा. चारशे जण हसले. मग कोण कुठले लोक, ना तुला ओळखणारे ना मला, तुझ्या वयावर घसरले, वहिनींच्या नावाने नको ते लिहू लागले. आणि मी गाढव, एकेकाला अंगठा देत बसलो. मला वाटलं, श्रोते रंगलेत. तिथे चहाची बशी नाही, पाया पडणं नाही, बारी संपतच नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही बघ.

आणि मी तुझ्या उत्तराची वाट बघत होतो. खरंच सांगतो. मनात म्हणत होतो, आता गुणाजी अशी ठेवून देईल की चारशेचे हजार हसतील. पाच दिवस तू गप्प. सहाव्या दिवशी मी पुन्हा लिहिलं, काय बुवा, वाचा बसली काय?

गेल्या आठवड्यात मसाला कुटायला गेलो होतो, तिथे वहिनी भेटल्या. मिरच्यांची पिशवी उचलून निघाल्याच होत्या, मीच आडवा गेलो. रागावल्या नाहीत रे. हळू आवाजात सगळं सांगितलं. घशातली गाठ. सहाव्याच दिवशी ऑपरेशन. आवाज गेला, तो कायमचा. सुचित्राने फोन लपवून ठेवला होता, तरी पोरीची नजर चुकवून तू सगळं वाचलंस म्हणे. आदल्या दिवशी खाटेवर बसून माझ्यासाठी उत्तराचा गजर रचलास आणि वहिनींना एकदाच गाऊन दाखवलास. सुचित्रा म्हणाली, रेकॉर्ड करून टाकूया. तू म्हणालास, समोरच्या बुवाला उत्तर समोर बसूनच द्यायचं असतं.

तो तुझा शेवटचा गजर. माझ्यासाठी रचलेला, आणि मीच तो ऐकला नाही. काय होतं त्यात, विचारलं, तर वहिनी मिरच्यांची पिशवी सावरून चालू लागल्या. त्या दिवसापासून मी पेटीला हात लावलेला नाही.

मी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं, पण लोकांनी ते कुठे कुठे पाठवलंय, ते कसं पुसू? माफी तिथे मागणार नाही, तिच्यावरही लोक हसतील. म्हणून हे पत्र. अक्षय तृतीयेला आमच्या गल्लीत बारी ठरली होती. माझी जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे. तू ये. तो गजर कागदावर लिहून आण, एक अक्षरही मऊ करू नकोस. तुझ्या शेजारी बसून, तुझ्या पेटीवर, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत मी तो गाईन. मग सगळ्यांसमोर तुझ्या पाया पडेन. डोक्यावर हात ठेवायचा की नाही, ते तू ठरव. चहा मात्र सांगून ठेवतो.

तुझाच,
समोरचा बुवा
गणपत