गोधडीचा उघडा कोपरा

वडगाव रासाई

प्रिय प्रगती,

सासूने सुनेला पत्र लिहावं असं आपल्या घराण्यात सात पिढ्यांत झालं नसेल. पण दुकानातल्या फोनवर बोलावं तर दुकानदारासकट चार गिऱ्हाइकं कान टवकारून उभी असतात, आणि मला जे सांगायचं ते त्यांच्यासाठी नाही. सातवीपर्यंत शिकले ते असं कधीतरी उपयोगी पडायचं होतं. तुझा भाऊ मल्हार रांजणगावची पाळी संपवून भांडगावला घरी जाताना इकडे थांबणार आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि एक गठुडं देते. मागणी घालून गेलेल्या यवतच्या पाहुण्यांना तू अजून हो की नाही काही कळवलं नाहीस, 'आत्याला इचारल्याबिगर मी काय न्हाई सांगायची' म्हणून अडून बसलीस, हे त्यानेच मागच्या खेपेला सांगितलं. त्याचं उत्तर देणारच आहे. आधी गोधडीचं सांगते, कारण दिवाळीपासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

तू माहेरी गेलीस आणि पाठोपाठ दौंडची बोहारीण आली, ती रतनबाई, जिच्याकडून तू स्टीलचे डबे घेतले होतेस. माझ्या रविराजला जाऊन येत्या आखाडात दोन वर्षं होतील. त्याचे कपडे पेटीत पडून कसर लागायला लागली होती, म्हणून मन घट्ट करून बाहेर काढले. पँटी दिल्या. शर्टांपाशी हात थांबला. रतनबाई पातेलं पुढे करत होती आणि माझी नजर तिच्या गाठोड्यात. त्यात गोधडीची नुसती वरची बाजू होती, ना आत थर, ना खाली अस्तर. मधे खणाचा चौकोन, भोवती इरकलीचे काठ, कुण्या पोरीच्या परकराचं पिवळं चीट, आणि एका बाजूला हातभर जागा तशीच राहिलेली. कुणाची म्हणून विचारलं तर तिलाही ठाऊक नाही. 'रेल्वेच्या चाळीतनं आली बाई. म्हातारी व्हती कुनी, अर्धीच ऱ्हायली तिची.' मी म्हटलं, पातेलं ठेव, मला हे दे. ती हसतच सुटली. जन्मभर चिंध्या घेऊन भांडी देते आहे, चिंध्या देऊन चिंध्याच नेणारी बाई पहिल्यांदा पाहिली, म्हणाली.

शेजारच्या धुरपदाने दारात येऊन ठणकावलं, 'दुसरीची अर्धी गोधडी पुरी करू नगं, तिचं भोग आपल्या अंगावर येत्यात.' मी म्हटलं, माझे भोग घरात येऊन बसलेतच, आणखी दोन आले तर त्यांना एकमेकांची सोबत होईल. तेव्हा गेली बिचारी.

पहिल्यांदा मी जरा शहाणपणा केला. त्या बाईचे टाके एका कडेला वाकडे गेले होते, ते उसवून सरळ करायला गेले, तर जुनं कापड बोटांत विरायला लागलं. मग नाद सोडला. तिचे टाके तिच्यापाशी राहू दिले आणि जिथे तिने सोडलं तिथून पुढे माझे घातले. तिचा दोरा लाल आहे. तसा लाल शिरूरच्या बाजारातही मिळाला नाही, म्हणून माझा पांढरा. ती कुठे थांबली आणि मी कुठून सुरू केलं, हे आंधळ्यालाही कळेल. कळू दे.

थकले गं मी. पाठ धरते, डोळ्यांना पाणी येतं, आणि दोन माणसांचा स्वयंपाक तो किती, पण तोही नको होतो. सुईत दोरा ओवून द्यायला तू असायचीस. आता आमचे हे, म्हणजे तुझे मामा, ओवतात, धनगराला घोंगडं पुरे, ही बायकांची कामं, असं पुटपुटत. कापड अंथरलं की ते सरकू नये म्हणून काठावर वरवंटा ठेवून तेच बसतात. रविराजच्या मोटरसायकलला ट्रकने उडवल्यापासून हा माणूस दिवसाला चार शब्द बोलत नाही, तुला माहीतच आहे. परवा मात्र आपण होऊन म्हणाले, 'पोरीला तीस न्हाई झाली आजून. आपल्यापायी किती दिस बसवायची तिला?' मी टाके घालत राहिले. त्यांनी माझ्या मनातलं बोलून दाखवलं आणि मला ते ऐकवेना.

फोनवर गोधडीचं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, 'आत्या, त्यांचं शर्ट आत घाला.' घातले होते. कंपनीचे दोन्ही निळे शर्ट उकलून थरात अंथरले, कडेने दोन ओळी धावदोराही घातला. मग त्यावर एकदा हात फिरवला, आणि दोन्ही ओळी उसवल्या. त्यांच्या जागी माझी लुगडी घातली आहेत. तू उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आलीस तेव्हा मी नेसले होते ते हिरवंही त्यात आहे. शर्ट नाहीत. रागावू नकोस. दुसऱ्याच्या घरात तू निजशील तेव्हा तो तुझ्या अंगावर असू नये. तो माझ्यापाशी राहील. मी आई आहे, मला त्याच्या जागी दुसरं कुणी मिळायचं नाही. तुला मिळेल.

म्हणून हे पत्र. पाहुण्यांना हो म्हण. आपल्यात पाट लावून दुसरा संसार मांडायला कधी कुणी नावं ठेवली नाहीत, आणि ठेवली तर त्यांना माझ्याकडे पाठव. त्या माणसाला लहान मुलगी आहे म्हणतात, तिलाही या गोधडीत घे. आमची काळजी करून अडू नकोस, आणि मला आत्या म्हणायचं सोडू नकोस. सणाला येशील तेव्हा माहेरवाशीण म्हणून ये. आमच्या आईची रीत होती, शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मग गोधडीचं तोंड शिवायचं, म्हणजे पांघरणारं माणूस कधी उपाशी निजत नाही. तो कोपरा मी उघडा ठेवला आहे. माझ्या चुलीवरची भाकरी त्यात घालायची नाही. नव्या घरी तू पहिली भाकरी करशील तिचा तुकडा घाल आणि शिवून टाक. सुई तिथेच टोचून ठेवली आहे, गठुडं सोडताना हात जप. दोरा तुझ्या घरात असेल तो चालेल.

तुझीच,
आत्या