कातळावरची कलमं

अब्बा, तुम्ही कुळाचा हक्क सोडून दिला होता, हे मला तुमच्या मृत्यूनंतर शराफियातल्या हॉटेलात चहा पिताना कळलं. गावची जमीन ज्यांच्या नावावर, त्या खोतांचा नातू इथेच जेद्द्यात नोकरीला आहे. त्यानं मोबाइलवर जुन्या कागदाचा फोटो दाखवला. ‘ही जमीन मी कसत नाही, माझा तिच्यावर हक्क नाही.’ अक्षर तुमचं, सही तुमची. "चाचांनी स्वतः लिहून दिलंय, भाई. आता आम्ही विकतोय, मनात काही ठेवू नका," तो म्हणाला. मनात काय ठेवणार, माझं डोकंच चालेना.

कसत नाही? मग तो कातळ कुणी फोडला? मला दिसताय तुम्ही, खांद्यावर कावड घेऊन टेकडी चढताय, एकेका कलमाला पाणी घालताय. गाव ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत मामलेदाराकडे धावत होतं, तेव्हा तुम्ही उलट्या दिशेला कसे गेलात? मी पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा स्वयंपाकघरात जेवताना म्हटलं होतं, जमीन नावावर करून घेऊ या. तुम्ही ताट सरकवलंत. "तुझं तिकडे काय आहे रे? राहायच्या परवान्यावर, त्या इकाम्यावर, कफिलाचं म्हणजे तुझ्या शेठचं नाव, खोलीवर घरमालकाचं. तरी राहतोस ना?" तेव्हा मी ताट पुन्हा तुमच्यापुढे सरकवलं. आज त्याचा अर्थ लावत बसलोय आणि काही केल्या लागत नाही. खोतांना शब्द दिला होता? की खरंच वाटायचं, झाडं आपली आणि जमीन त्यांची? त्याच खोतांना तर तुम्ही भर अंगणात खोटारडा म्हटलेलं मी ऐकलंय. रागही येतो तुमचा. निदान तुमच्या लेकीला, आपाला तरी सांगायचं होतंत. तिचं घर आजही त्याच आंब्यांवर चालतं.

तालुक्याचा वकील फोनवर म्हणाला, "विक्री थांबवायची तर एकच वाट आहे. वडिलांनी खोतांच्या धाकानं सही केली, असं लिहून द्या." आपाला विचारलं, तर ती म्हणाली, "तू बघ काय ते." काल कॉन्सुलेटात जाऊन तसं लिहून दिलं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, मजकूर खरा आहे ना? मी हो म्हटलं. तुम्हाला लिहितोय तो हा कागद मात्र वकिलाच्या हाती पडता कामा नये. तुम्हाला कुणाला घाबरलेलं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, अब्बा.